बडे मियाँ आणि पडवीतलं कारंटीन

एक विचारतो. घरात पाळायला नवा मासा आणायचा झाला, तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? विकणाऱ्यावर? तो पोराबाळांची शपथ घ्यायला एका पायावर तयार असतो. माशावर? तो बोलत नाही. पाण्यावर? ते दिसतं निवळशंख, आणि तिथंच फसवतं!

माझा धंदा रेवदंड्याला सुपारीचा आणि नारळाचा. शाळा फार झाली नाही, पण एवढं शिकलो की सुपारी फोडून बघून घ्यावी. मासा काही फोडून बघता येत नाही. म्हणून माशांनी आम्हाला जेवढं रडवलं आणि हसवलं, तेवढं सुपारीनं कधी केलं नाही. माशांच्या काचपेटीच्या तळाशी गाळ साठतो ना, कुणी मुद्दाम टाकत नाही तरी साठतो, तसे हे किस्से साठलेत. आता वय झालं. जरा ढवळून बघतो.

* * *

आमची आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याच घरी राहायची. तिचे मियाँ, आमचे दुल्हाभाई, परदेशी आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचे, चार दिवस राहायचे, की चालले. एका खेपेला त्यांनी चीनकडून सात सोनेरी मासे आणले. कसे जगवले ते त्यांनाच ठाऊक! मुंबईहून लोखंडी चौकटीची काचपेटी आणून ती माजघरात ठेवली. अख्खा मोहल्ला बघायला लोटला.

आमचे हिराजी नाखवा आले. दोन होड्यांचा मालक, मोठा थट्टेखोर माणूस. पेटीसमोर बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "शेट, आमी मासं मारून जगताव, न् तुमी मासं जगवून मरताव!"

पुढच्या रजेला दुल्हाभाईंनी मुंबईच्या बाजारातून आणखी तीन मासे घेतले. विकणाऱ्यानं शपथा घेतल्या होत्याच. बोटीवर हजर व्हायचा दिवस आलेला, घाई. निघता निघता त्यांनी आपल्या हातानं ते तीन पेटीत सोडले, आपाला म्हणाले, "आता दहा झाले, तुला सोबत झाली," आणि गेले.

मग माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, कुणी बारीक मीठ भुरभुरावं तसे. रोज सकाळी एखादा पालथा. शेवटी एकच उरला. सगळ्यांत थोराड, शेपटी फाटलेला. आपा त्याला बडे मियाँ म्हणायची.

त्या दिवसापासून आपानं एकच गोष्ट धरली. सारंग परत येतील तेव्हा बडे मियाँ जिवंत दिसला पाहिजे. बाकी दुनिया बुडाली तरी चालेल!

* * *

मी म्हटलं, "आपा, एकटा सुकेल तो. मी दुसरा जोडीदार आणतो. चांगला बघून आणतो."

आपा म्हणाली, "कासम, आपले लोक हजला जातात, त्यांना वाटेत कामरान बेटावर उतरवून, रोगराई नाही ना बघायला, कारंटीनमध्ये वेगळं ठेवतात की नाही? अरे, हाजी असून ठेवतात! तुझा मासा काय हाज्यांपेक्षा पाक आहे?"



झालं. पडवीत गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती. गुरं गेली होती, डोण उरली होती. तेच आमचं कारंटीन. कायदा आपाचा: नवा मासा आला की आधी डोणीत. एक चांद दिसल्यावर सोडला असेल, तर पुढचा चांद दिसल्याशिवाय पेटीत जायचा नाही. डोणीचा तांब्या पेटीला लावायचा नाही. डोणीत घातलेला हात धुतल्याशिवाय माजघरात यायचं नाही.

हिराजी नाखवा म्हणाले, "बाय, माज्या घरान सून आनली तवा बी यवडा सोवला नव्हता!"

* * *

डोण घासून लख्ख केली. विहिरीचं ताजं पाणी भरलं. पहिला मासा सोडला. तीन दिवसांत मेला.

पडवीत रोज आमची बैठक बसायची, मी, नाखवा आणि दाराआडून आपा; तिच्यातले चौथे म्हणजे केशवराव. चौलकडे त्यांची सुपारीची वाडी. इंग्रजी वाचायचे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण असायचं. ते म्हणाले, "कासमशेठ, पाणी अशुद्ध. उकळून घ्या."

उकळून, गार करून भरलं. दुसरा मासा सोडला. पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं, आणि मासा मेला.

केशवराव म्हणाले, "कमी उकळलं असणार."

तिसऱ्या वेळी आपानं कुणालाच विचारलं नाही. माजघरातली पेटी जुनी, तिच्यातलं पाणी मुरलेलं. तिच्या तळातले मूठभर खडे आणि हिरवट गाळ तिनं उचलला आणि डोणीत टाकला.

केशवराव ओरडले, "अहो, स्वच्छ पाण्यात घाण काय टाकता?"

"घाण नाही, विरजण आहे," आपा म्हणाली. "नुसतं दूध ठेवून दही होतं का तुमच्याकडे?"

* * *

आता विरजण लावलं, तर त्याला खायला नको? असं आपाचं म्हणणं. म्हणून ती रोज चिमूटभर सुका जवळा कुटून डोणीत टाकायची. डोणीत मासा नाही बरं का! नुसतं पाणी. आधी त्याला कच्चा, उग्र वास मारायचा. आपा रोज वाकून हुंगायची आणि म्हणायची, "अजून पिकलं नाही."

हिराजी नाखवांनी हे पाहिलं. "शेट, मासं नाय न् चारा कोनाला घालताव?"

मी चेष्टेत म्हटलं, "आहे एकजण. दिसत नाही."

बस! ही बातमी बंदरावर गेली आणि तिथून गावभर झाली. कासमशेठच्या डोणीत जिन आहे, तो रोज जवळा खातो! दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, डोणीपाशी नारळ ठेवून हात जोडून गेली. मग आणखी दोघी आल्या. आठवड्यात पडवीत नारळांची रास!

मी जन्मभर नारळ विकले. फुकट नारळ आणून देणारी गिऱ्हाईकं मला तेव्हाच काय ती भेटली.

आपानं सगळे नारळ ज्याचे त्याला परत करायला लावले. हिराजी नाखवा हळहळले. "र्‍हाऊ द्याचा व्हता जिन. धंदा चांगला व्हता!"

पण पाणी पिकलं. उग्र वास गेला, पावसाळ्यातल्या ओल्या मातीसारखा वास येऊ लागला. त्यानंतर त्या डोणीत मासा केवळ पाण्यापायी मेला असं झालं नाही.

* * *

केशवरावांनाही मग माशांचा नाद लागला. मुंबईला गेले आणि दोन झकास मासे घेऊन आले. कशातून आणले? घरातल्या सगळ्यांत चांगल्या तांब्याच्या कळशीतून! चिंचेनं घासलेली, आरशासारखी चकाकणारी. म्हणाले, "तांब्यातलं पाणी आरोग्याला उत्तम."

रेवसच्या धक्क्याला उतरेपर्यंत दोन्ही मासे गेले होते.

आपा आतून म्हणाली, "तुमच्या आरोग्याला उत्तम होतं केशवराव. माशाला कुणी विचारलं होतं?"

त्यानंतर ते मडक्यातून मासे आणायला लागले. पण कळशीचा विषय काढला की रागवायचे.

* * *

स्वच्छतेपायी याच केशवरावांनी मोठा घोटाळा केला. आमच्या मामूंच्या घरी मुरूडला लग्न. आम्ही सगळे निघालो. डोणीत दोन नवे मासे, चांद व्हायला थोडे दिवस बाकी. केशवराव म्हणाले, "निर्धास्त जा. मी बघतो."

बघितलं त्यांनी! आम्ही परत आलो तर डोण राखेनं घासलेली, आतून पांढरीफटक, पाणी ताजं विहिरीचं. दोन्ही मासे वर तोंड काढून धापा टाकतायत. आणि केशवराव मोठ्या अभिमानानं उभे. "काय घाण साचली होती हो! सगळी सुपारीच्या मुळाशी ओतली."

महिनोन् महिने पिकवलेलं पाणी सुपारीच्या मुळाशी!

आपा तडक माजघरात गेली. पेटीतला गाळ आणला, पेटीतलंच दोन घागरी जुनं पाणी ओतलं, मासे तगले. मग पदर सावरून शांतपणे म्हणाली, "केशवराव, उद्या तुमच्याकडे येते मी. तुमच्या घरची लोणच्याची बरणी धुऊन देते."

केशवराव आठवडाभर बैठकीला आले नाहीत. ती सुपारी मात्र त्या वर्षी भारी लागली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, नाहीतर म्हणाले असते, "बघा!"

* * *

मिठाच्या चळवळीचे दिवस. कुठं कुणी चोरून मीठ करतो का, म्हणून पोलीस घरोघर बघत फिरायचे. आणि नेमका तेव्हाच डोणीतल्या एका नव्या माशाला ठिपके उठलेले. त्यावर आमचा उपाय एकच, जाडं मीठ विरघळवलेलं पाणी.

हवालदार आला. बाहेरगावचा, कडक मिशीचा. पडवीत डोण, शेजारी मिठाचं मडकं. त्याचे डोळे चमकले. "हे काय?"

मी म्हटलं, "साहेब, कारंटीन."

"कसलं कारंटीन? मीठ पाडताय इथं!" असं म्हणून त्यानं डोणीत बोट बुडवलं आणि चाखलं. "खारट आहे! आता बोला!"

मी म्हटलं, "साहेब, तळाशी बघा. आजारी आहे तो."

हवालदार वाकला. ठिपकेवाला मासा त्याच्याकडे बघत होता. हवालदार पडवीच्या कडेला जाऊन थुंकायला लागला.

दाराआडून आपाचा आवाज आला, "कासम, साहेबांनी आजाऱ्याचं पाणी घेतलं ना? मग आता चांद दिसेपर्यंत त्यांना सोडता येणार नाही! अंथरूण घाल डोणीशेजारी."

त्या हवालदाराची पावलं पुन्हा आमच्या गल्लीत वाजली नाहीत.

* * *

आता शेवटचा सांगतो.

दुल्हाभाई आले. या वेळी फार वर्षांनी आले. मधे बोट बदलली, पत्रं चुकली, लोकांनी काय काय बोलून घेतलं. आपा बडे मियाँला जपत राहिली. ते आले, माजघरात गेले, पेटीपुढे उभे राहिले. आत एकटा बडे मियाँ; डोणीतून पेटीत गेलेले जोडीदारही तोवर एकेक करून गेले होते.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

 त्यांच्याच हातानं सोडलेल्या माशांपायी आधीचे सगळे गेले, हे आता त्यांना कोण सांगणार?

आपा म्हणाली, "बडे मियाँचं कुणाशी पटलं नाही."

दुल्हाभाई हसले. त्यांनी जपानहून जोडीदार आणला होता. काळा, मखमलीसारखा, डोळे बाहेर आलेले. मला म्हणाले, "कासम, तुझ्यासारखाच दिसतो की!" आणि बरणी घेऊन पेटीकडे वळले.

आपा मधे उभी राहिली. "आधी डोण."

"अगं, मी चांदपर्यंत इथं नाही. बोट सुटेल. मला दोघांना एकत्र बघायचंय."

"आधी डोण."

"एका दिवसानं काय होतं?"

आपानं बरणी त्यांच्या हातातून घेतली आणि पडवीत गेली.

जितके दिवस होते तितके दुल्हाभाई डोणीशेजारीच बसून राहिले. आपा जेवण तिथंच आणून द्यायची. जायच्या दिवशी त्यांनी डोणीत वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बघायचं राहिलं." होडी खाडीतून बाहेर पडेपर्यंत आपा दारात उभी होती.

चांद झाला. आभाळ स्वच्छ, पोरं ओरडतायत, मशिदीपाशी लोक बोट दाखवतायत. मासा ठणठणीत. मी म्हटलं, "आपा, चांद झाला. सोडू का पेटीत?"

आपानं अंगणातून वर पाहिलं. "मला नाही दिसला."

पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. "मला नाही दिसला." मग पावसाळा लागला, तेव्हा विचारायचीच सोय नव्हती. पावसाळा सरला तरी तेच. हिराजी नाखवा म्हणाले, "बाय, माज्या होडीवरशी बग, मोट्टा दिसतं!" आपा म्हणाली, "माझी नजर अधू झालीय, नाखवा." सुईत दोरा मात्र ती पहिल्या झटक्यात ओवायची.

ईद आली. शीरखुर्मा झाला, सगळ्यांना वाटून झाला. मी म्हटलं, "आता सापडलीस! चांद दिसल्याशिवाय ईद केलीस होय?"

"तो ईदचा," आपा म्हणाली. "माशाचा नाही दिसला अजून."

मी नाद सोडला. मखमली मासा डोणीतच वाढला, बडे मियाँ पेटीत म्हातारा होत गेला. आपा रोज बडे मियाँकडे बघून पुटपुटायची, "थांब रे जरा."

मग एके दिवशी भर दुपारी गल्लीत सामानाची ट्रंक घेतलेल्या हमालाचा आवाज आला. मागं दुल्हाभाई. केस पांढरे झालेले, पाय थोडा ओढत चालणारे, बोटीवरची नोकरी संपवून आलेले. त्यांनी दारातून पहिला प्रश्न विचारला, "आहे?"

आपा अंगणात आली. डोक्यावर ऊन असं तापलेलं की वर बघवत नव्हतं. तिनं कपाळावर हात धरला, वर पाहिलं, चांगली वेळ घेऊन पाहिलं.

"चांद दिसला," ती म्हणाली. "कासम, सोड त्याला पेटीत."

भर दुपारी दिसलेला हा चांद कुठल्या महिन्यात धरायचा ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी घरचा माणूस, आपाच्या बाजूनं माझ्याकडून इकडचं तिकडे व्हायचं. तुम्ही धरा. फक्त मेहेरबानी करून हिशेब खरा ठेवा.