दोन दवाखाने आणि अप्पांची टाच

सासरच्यांनी मला पांढऱ्या पायाची ठरवून माहेरी धाडलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. नवरा तापानं आठ दिवसांत गेला. त्यात माझ्या पायांचा काय दोष, ते सासरच्या दुबलगुंडीतल्या एकाही शहाण्यानं मला आजवर समजावून सांगितलेलं नाही. माझे वडील, अप्पा, गाडी जुंपून आले, माझी पेटी गाडीत ठेवली आणि मला आमच्या गावी, खटकचिंचोळीला घेऊन आले. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "चुलीपाशी बस, गारठलीस."

आमचं घर धनगरांचं. आजोबांच्या काळात मोठा कळप होता. अप्पांच्या हाती शेतीच जास्त आणि चाळीसेक मेंढरं उरलेली. आई माझ्या लहानपणीच गेलेली. घरात बसून मी कुढत राहीन म्हणून अप्पांनी मला भालकीला आत्याकडे ठेवलं. तिच्या घराला लागूनच सरकारी दवाखाना होता आणि तिथं एक नर्सबाई. किरिस्ताव होत्या, विधवाच होत्या, आणि जिभेला हाड नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रडायचं असलं तर पट्ट्या धुता धुता रड, पट्ट्या तरी धुऊन होतील." मी तीन वर्षं पट्ट्या धुतल्या. मग जखमा बांधायला लागले, मग बाळंतिणींजवळ बसायला लागले. एक दिवस बाईच म्हणाल्या, "आता माझ्याजवळचं संपलं. पक्कं शिकून ये."

शिकायच्या जागा दोन होत्या. एक रियासतीच्या राजधानीतला मोठा सरकारी दवाखाना, आणि दुसरा आगगाडीच्या वाटेवरचाच, पत्र्याच्या छपराचा, मिशनचा लहान दवाखाना. बाईंनी दोन्हीकडे अर्ज लिहवून घेतले. राजधानीहून उर्दूत पत्र आलं, वर गोल शिक्का. येत्या सोमवारपर्यंत पालकाला घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. मिशनचं पत्र साधंच होतं. येऊन बघा, आम्हीही बघू.

मला बघायचं काय होतं? माझं ठरलं होतं. राजधानीचं नुसतं नाव काढलं की तहसिलातला कारकूनसुद्धा "वाहवा" म्हणायचा. तिथला कागद रियासतीत कुठंही चालायचा. आणि खरं सांगायचं तर मला त्या कागदापेक्षा दुसरंच काही हवं होतं. पांढरी साडी नेसून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून दुबलगुंडीच्या चावडीपुढून चालत जायचं, आणि मला बघून सासूनं ओट्यावरून उठून उभं राहायचं. एवढंच. यासाठी मी रोज रात्री उर्दूची अक्षरं गिरवत होते.

मिशनचं नाव मात्र गावात वाईट. भावकीतले म्हणाले, "तिथं पोरी बाटवतेत." अप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही बघू. एकच दार बघून कुणी सोयरीक करतंय व्हय?"

"कामून बघायचं अप्पा? नाव तर साऱ्या मुलखात हाय."

"नाव म्होरनं दिसतंय, बाय. कळप मागनं बघावा. म्होरची मेंढरं कुणाचीबी धष्टपुष्टच असतेत. मागं लंगडायलेलं एखादं असतंय, त्याला राखणदार काय करतोय ते बघायचं."

माझ्या कपाळाला आठ्या. पण पैसा त्यांचा, बापही तेच.

भालकीहून आगगाडी नव्यानंच सुरू झाली होती. राजधानीत उतरलो आणि तो दवाखाना बघून माझा श्वासच अडकला. कमानी काय, घुमट काय! आणि तिथं अप्पांनी काय करावं? फाटकाशी वाकून वहाणा काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अप्पा, देऊळ हाय का हे? वहाणा घाला की!"

"एवढ्या माणसांचा जीव वाचतोय इथं. देवळाहून काय कमी हाय?" असं म्हणून ते घोंगडी सावरत, फाटकातून सरळ न जाता, भिंतीच्या कडेकडेनं मागच्या बाजूला गेले. तिथं नळापाशी रोग्यांची माणसं चुली मांडून बसली होती. अप्पा त्यांच्यात जाऊन बसले. मी आत जाऊन शाळा बघून आले. चाळीस-पन्नास मुली, कडक इस्त्रीच्या साड्या, भिंतीवर हाडांचा सांगाडा. तिथल्या बाईंनी माझं नाव वहीत लिहिलं आणि सोमवारी सामान घेऊन यायला सांगितलं.

बाहेर आले तर अप्पा खूश. म्हणाले, "चांगलं हाय. कळप लई मोठा हाय, पण राखणदार चांगले. एक म्हातारी सांगायली, तिच्या लेकाला मांडीवर घिऊन पाणी पाजिवलं नर्सनं." मी म्हटलं, झालं तर मग! पण भालकीच्या बाईंना त्यांनी शब्द दिला होता, दोन्ही बघीन म्हणून. आणि फाटकाशी आलो तर वहाणा गायब. रस्त्यावरच्या कुणीतरी उचलल्या होत्या.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "धनगराला काय वहाणांचं." मला गाडी चुकायची भीती. मी पेटी घेऊन पुढं, अप्पा मागं. मी मागं वळून तीनदा ओरडले, "चला की हो अप्पा, पाय उचला!" ते हसून म्हणाले, "आलो, आलो."

परतीच्या वाटेवर मिशनच्या ठेसनावर उतरलो. ऊन मी म्हणत होतं. मी तोंड फुगवून तरातरा चालले. मनात म्हणत होते, दोन मिनिटं बघायचं, नमस्कार करायचा आणि पुढची गाडी धरायची. लांबून पत्र्याचं छप्पर दिसलं. व्हरांड्यात एक वयस्कर बाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला वाटलं स्वयंपाकीण असेल. मी त्यांना विचारलं, "इथल्या मुख्य बाई कुठं हायत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. सूप बाजूला ठेवून उठल्या आणि मराठी-कानडी मिसळून म्हणाल्या, "तो तुझा बाप काय? लंगडायलाय. किती दिवस झाले?"

मी मागं वळले. अप्पा फाटकातून येत होते. डावा पाय नुसता बोटांवर टेकत, टाच वर धरून. चेहऱ्यावर तेच हसू.

किती दिवस झाले? मला माहीत नव्हतं. तीन वर्षं दवाखान्यात काढलेली मी, नर्स व्हायला निघालेली मी, अख्खा दिवस त्या माणसाच्या पुढं पुढं चालत होते. आणि वरून "पाय उचला" म्हणून ओरडत होते!

त्या बाईंनी, त्याच तिथल्या मुख्य, अप्पांना बाकावर बसवलं. राजधानीच्या रस्त्यात काच घुसून टाचेत मोडली होती, भोवती सुजून काळंनिळं झालं होतं. "सांगितलं कामून न्हाई?" मी रडतच ओरडले. अप्पा अगदी अपराध्यासारखे म्हणाले, "तुजी गाडी चुकली असती, बाय."

बाईंनी तसराळ्यात गरम पाणी आणलं, चिमटा उकळला आणि तो माझ्या हातात दिला. "मी बघत्ये. तू काढ."

मी चिमटा दोनदा लावला आणि दोनदा मागं घेतला. अप्पांनी एकदाही पाय आखडला नाही. उलट मलाच समजावत होते, "घाबरू नको, मेंढराचा काटा काढल्यावानी काढ." काच निघाली, बोटाच्या नखाएवढी. पट्टी मीच बांधली. बाईंनी ती दोनदा सोडायला लावली आणि पुन्हा बांधायला लावली. तिसऱ्यांदा गाठ ओढून बघितली आणि तसराळं उचलून नेलं.

मग तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "इथं सहाच मुली आहेत. आमच्या कागदाला रियासतीत फार कुणी विचारत नाही, ते आधीच सांगत्ये. राजधानीत जागा मिळाली असली तर विचार कर."

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. एवढी वाट तुडवली, पण "हे कर" असं ते म्हणाले नाहीत. मला दुबलगुंडीचा ओटा दिसत होता आणि सासू बसूनच होती. बसू दे, म्हटलं. "अप्पा, मी इथंच राहीन."

"राजधानीचे राखणदारबी चांगले हुते," अप्पा म्हणाले.

"चांगले हायतच. मीच चांगली न्हाई अजून. मला मागं बघायला शिकायचंय."

अप्पांनी पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि ऊन लई आहे म्हणाले.

धनगराची एक रीत आहे. मेंढरू नव्या कळपात घातलं की मालक तीन दिवस तिथंच राहतो, ते रुळेस्तोवर. अप्पा तीन दिवस मिशनच्या कडुलिंबाखाली घोंगडी टाकून राहिले. रोज सकाळी मी त्यांची पट्टी बदलायची. स्वयंपाकघरातल्या बाईला ते मेंढीच्या दुधाचे गुण सांगायचे, आणि तांदूळ निवडतात म्हणजे भातही मुख्य बाईच रांधतात असं समजून त्यांना "भात लई मोकळा झालाय, अक्का" म्हणायचे. बाईंनी त्यांची समजूत कधी घालवली नाही.

चौथ्या दिवशी ते निघाले. रीत अशीही आहे की मेंढरू सोडून जाताना मालकानं मागं बघायचं नाही. बघितलं की ते पाठी येतं. बाईंनी दिलेल्या जुन्या वहाणा घालून अप्पा फाटकाकडे चालले. मी व्हरांड्यात उभी राहून त्यांना मागून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते म्हणा. खांदे एवढे उतरलेत हे मला ठाऊक नव्हतं.

फाटकाशी ते थांबले. बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, आता बघतात. मी हाक मारणार होते, "अप्पा, मला घिऊन चला." पण ते पाऊल टाकताना बघितलं आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"अप्पा! टाच टेकवू नका!"

त्यांनी लगेच टाच उचलली. मागं न बघता, बोटांवर पाय टेकत, ठेसनाच्या वाटेला लागले.