टाकीवरचा आकडा

लोक त्याला पाणीपंडित म्हणायचे आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. दवाखाने, बँका, कचेऱ्या, जिथे म्हणून माशांची काचेची टाकी तिथे आठवड्यातून एकदा हा हजर. खांद्यावर रबरी नळी, हातात बादली आणि तोंडात व्याख्यान. "मासे पाळायचे नसतात हो, पाणी पाळायचं असतं," हे वाक्य त्याने घरीही इतक्या वेळा ऐकवलं होतं की जेवताना त्याची बायको ते त्याच्याआधीच पूर्ण करायची.

सगळ्यांत लाडकी टाकी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली. तीत आठ रेनबो मासे होते, पुढून निळे आणि मागून केशरी. इंजेक्शनाला घाबरून भोकाड पसरलेलं पोर त्यांच्यापुढे उभं केलं की गप्प व्हायचं. या माशांना जरा जड, क्षार असलेलं पाणी मानवतं. क्षार गेले की पाणी हळूहळू आंबट होतं, माशाचा रंग उडतो, पंख मिटतात आणि तो खंगत जातो. पंडिताला हे सगळं तोंडपाठ. म्हणून तर त्याने टाकीच्या कडेला कार्ड चिकटवलं होतं. दर आठवड्याला पाणी किती आंबट ते तपासायचं, त्याचा आकडा लिहायचा आणि खाली सही ठोकायची.

पहिल्या वर्षी त्याने खरंच तपासलं. दर वेळी आकडा तोच, सात पूर्णांक सहा. दुसऱ्या वर्षी त्याला वाटलं, नळ तोच, टाकी तीच, पाणी काय पळून जाणार आहे? तपासायच्या औषधाची बाटली पिशवीतच राहायला लागली आणि आकडा पेनातून आपोआप उतरायला लागला.

मग मासे फिके पडले. कोपऱ्यात गोळा होऊन राहायला लागले आणि दोन आठवड्यांत पाच मेले. डॉक्टरीणबाईंनी भर दवाखान्यात विचारलं, "काय हो, पाणी बरोबर आहे ना?"

त्याने कार्डावर बोट ठेवलं. "बघा ना, सात पूर्णांक सहा. तसूभर फरक नाही."

तिथेच थांबला असता तर निदान एकच पाप पदरात पडलं असतं. पण समोर सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. "फिनेलचा हात पाण्याला लागला की मासा वाचत नाही," तो त्यांच्याकडे बघत म्हणाला. सगळ्या खुर्च्यांवरच्या माना तिकडे वळल्या. मावशींनी फडकं पिळलं, बादली उचलली आणि आत गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या दिसल्या नाहीत. कुठे गेल्या, हे त्याने विचारलं नाही.

महिन्याभराने नवे रेनबो आणायचं ठरलं. नवे जीव सोडायचे, तर एकदा बघावं म्हणून त्याने ती बाटली काढली. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की फडक्यात धरून पिळावं लागलं. टाकीतलं पाणी कुपीत घेऊन त्याने तीन थेंब टाकले. निळं व्हायला हवं होतं ते पाणी पिवळंधमक झालं. कुपी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा पिवळंच, म्हणजे आंबट.

"अहो, गच्चीवर क्षार काढायचं मशीन बसवून चार महिने झाले की!" कंपाउंडर म्हणाला. "मावशींनी सांगितलं नाही तुम्हाला? पाण्याला चवच राहिली नाही, असं सगळ्यांना सांगत फिरायच्या."

सांगितलं होतं. त्यालाही सांगितलं होतं. आणि तो हसून म्हणाला होता, "मावशी, पाण्यातलं तुम्ही मला शिकवणार?" ते आठवलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने डॉक्टरीणबाईंना आत जाऊन सगळं सांगितलं. त्या चक्रावल्या. "पण मावशींनी कबूल केलं होतं! त्याच संध्याकाळी रडत आल्या. माझाच हात लागला असेल, एवढा जाणता माणूस उगाच कशाला बोलेल, म्हणाल्या. मी नाही हो काढलं त्यांना. त्याच यायच्या थांबल्या."

पत्ता घेऊन तो गेला. दोन खोल्यांचं घर, दारातच वाळत घातलेले कपडे. त्याने चूक आपली असल्याचं सांगितलं, तर मावशी उलट गहिवरल्या. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नका, साहेब. सूनबाई, चहा टाक गं. बघ, किती मोठ्या मनाचा माणूस!" मग हातांकडे बघत म्हणाल्या, "तेव्हापासून नातवाला उचलायचं म्हटलं तरी आधी तीनदा हात धुते."

चहा आला. तो पिऊन उठला असता, तर साप मेला असता आणि काठीही मोडली नसती. त्याने दोन घोट घेतलेही. तिसऱ्याआधी कप खाली ठेवला.

"मावशी, मी पाणी तपासलंच नव्हतं. वर्षभर नाही. आकडा मनानेच लिहीत होतो. आणि तुमच्यावर ढकललं, कारण तुम्ही उलटून बोलणार नाही हे मला माहीत होतं."

मावशींचा आवाज बदलला होता. "हे डॉक्टरबाईंना सांगितलंत?"

"हो."

"एकट्या त्यांनाच?"

"हो."

"आणि माझं मात्र खोलीभर माणसांसमोर काढलंत."

"मी नाव नव्हतं घेतलं," त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली.

मावशी उठल्या. "सोमवारी दहाला दवाखान्यात जा. तेव्हा सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात. मी दारात उभी राहीन," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी नाव घ्या. तुमचं."