रंजनाअक्काचा तांबडा दिवा

अक्का, माझी थोरली बहीण, गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत कामावर होतो. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंतसुद्धा टिकली नाही... त्याला आता महिना होत आला. शेळगावच्या शोकसभेत तिचे धाकटे दीर दिनकरराव बोलायला उठले. स्वतःच्या ट्रॅक्टरच्या हॉर्नपलीकडं ज्यांना जगात दुसरा आवाज माहीत नाही, ते डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "वैनींच्या कलेला आमीच उत्तेजन दिलं." अक्का तिथं असती तर तोंडावर हसली असती.

ते उत्तेजन मी डोळ्यांनी पाहिलंय. अक्कानं लग्नाआधी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं. पुढं तिच्या सासूबाईंना ऐकू येईनासं झालं. घरातले रानात गेले की त्या आतून कडी लावून बसायच्या; बाहेरून कितीही दार बडवलं तरी कळायचं नाही. दिनकररावांचा त्यावर उपाय एकच, आणखी मोठ्यानं ओरडणं. अक्कानं दाराबाहेर बेलचं बटण लावलं आणि आत सासूबाईंच्या समोरच्या भिंतीवर हरभऱ्याएवढा तांबडा एलईडी. त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि मधे एक रेझिस्टर. बटण दाबलं, दिवा लागला आणि म्हातारी पोरीसारखी हसली.

दिनकरराव बघायला आले. "एवढासाच उजेड? आन् मधी त्यो तुकडा कशाला? बॅटरीची ताकद खातोय."

"त्यो हाय म्हणून दिवा हाय, भाऊजी. जास्त करंट गेला तर जळंल."

बाईमाणसाचं ऐकलं तर ते दिनकरराव कसले! पक्कड घेऊन त्यांनी रेझिस्टर तोडला, तारा थेट जोडल्या, बटण दाबलं. दिवा लखकन पेटला आणि कायमचा विझला.

"मालच डुप्लिकेट हाय," म्हणाले.

"न्हाय, भाऊजी," अक्का शांतपणे म्हणाली, "तुमच्यागत त्यालाबी आवरणारं कुणी उरलं न्हवतं."

पुढच्या बाजाराला तिनं बारामतीहून नवा दिवा आणला, रेझिस्टर घालून जोडला आणि सगळं भिंतीवर उंच ठोकलं. दिनकरराव उंचीनं बेताचेच.

परवा सासूबाईंना भेटायला गेलो. "रंजना दोनदा दाबायची," त्या सांगत होत्या, "लगीच कळायचं, आपली आली..." तेवढ्यात दिवा लागला आणि लागूनच राहिला. मी दार उघडायला उठलो. म्हातारीनं हात धरून मला खाली बसवलं.

"दिनकर हाय. त्यो दाबूनच धरतो," म्हणाली आणि दिव्याकडं पाठ करून बसली.