मुदीच्या टोकावरची गोळी

बाबांना रक्तदाबाची गोळी देणं ही आमच्या घरातली रोजची लढाई होती, आणि बहुतेक वेळा आम्हीच हरायचो. ऐरोलीच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात तेव्हा आम्ही तिघं असायचो. बाबा, मी, आणि मी ऑफिसला गेले की दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या, जवळच्याच दिवा गावातल्या मावशी. आई आधीच गेली होती. बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घराचा पत्ता, मग मी. मला ते 'अहो बाई' म्हणायचे. आयुष्यभर कोणाला अरेतुरे केलं नाही, तर आता पोटच्या मुलीला कुठून करणार?

गोळी दिसली की तोंड घट्ट मिटायचे. जबरदस्ती केली तर गालात दाबून ठेवायचे आणि आमची पाठ वळली की कुंडीत थुंकायचे. "विष घालता काय मला?" असं एकदा त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं की मला रडूच आलं. शेवटी डॉक्टरांना विचारून मी युक्ती काढली. गोळी कुस्करायची, दुपारच्या भाताच्या मुदीच्या टोकावर ठेवायची आणि वर तूप सोडायचं. पहिल्या घासालाच पोटात. मावशींना मी दोन दिवस समोर बसवून शिकवलं. गोळीच्या पट्ट्या बरोबर संपू लागल्या, कुंडीत काही सापडेना. मी स्वतःवर फार खूश होते.

पण दाब काही उतरेना. डॉक्टर दर खेपेला दंडाला पट्टा बांधायचे, पारा बघायचे आणि भुवया आक्रसायचे. गोळी दुप्पट झाली. तरी फरक नाही, म्हणून दुसरी जोडीला आली. "असंच राहिलं तर अर्धांगाचा झटका येईल," ते म्हणाले, "किंवा त्याहून वाईट." तेव्हापासून बेलापूरला ऑफिसात फोन वाजला की तो घरचाच असेल असं वाटून मी धावायचे. फोन दुसऱ्याच कोणाचा असायचा. घरी येताना जिन्यातच कान टवकारायचे, आत बाबांच्या खोकण्याचा आवाज येतोय का म्हणून. आला की जीव भांड्यात पडायचा.

आणि मग मला मावशींचा संशय यायला लागला. दुसरं कोण होतं घरात?

"मावशी, गोळी नक्की देता ना?"

"मी कशाला खोटी बोलू, ताई? भातान कुस्करून घालते. माज्या डोल्यांसमोर आज्या जेवतान. ताट चाटूनपुसून साफ." बाबांना त्या 'आज्या' म्हणायच्या.

त्या खरं सांगत होत्या. पण काळजीने माणूस वाकडं बघायला लागतो, आणि मी तर मुळातच चिडकी.

पुढच्या आठवड्यात बाबांना सर्दीखोकला झाला. तोंडाला चव नाही, भात नको म्हणाले. मी मावशींना सांगून गेले की पेज करा आणि गोळ्या त्यातच घाला. दोन दिवस त्यांनी वाटी-चमच्याने पेज भरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला, आणि या वेळी तो माझाच होता. शेजारच्या काकूंचा. बाबा मोरीच्या दारात पडले होते.

मी रिक्षा करून कशी आले ते मला आठवत नाही. बाबा पलंगावर होते, चेहरा राखेसारखा, कपाळ गार. डॉक्टर आधीच आलेले. दाब इतका खाली गेला होता की त्यांनी दोनदा तपासून पाहिला. "आज किती गोळ्या दिल्या?" त्यांनी मावशींना विचारलं. "रोजच्याच," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेवर मी मावशींना नाही नाही ते बोलले. कधी देता, कधी विसरता, आणि मग सगळ्या एकदम कोंबता. त्यांनी पदराने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि गेल्या.

बाबांना नर्सिंग होममध्ये सलाइन लावलं. हाड मोडलं नव्हतं, हे नशीब. घरी आणल्यावर डॉक्टरांनी एकच गोळी सुरू केली, सुरुवातीची, आणि मला बजावलं की स्वतःच्या हाताने द्या. मी रजा टाकली.

पहिल्याच दुपारी मी भात वाढला, टोकावर गोळी कुस्करली, तूप सोडलं आणि समोरच बसले. एकदा डोळ्यांदेखत त्यांच्या पोटात जाऊ दे, मग मी श्वास घेईन, असं मला झालं होतं. बाबांनी तळहातावरचं पाणी ताटाभोवती फिरवलं. मग बोटांच्या चिमटीने मुदीच्या टोकावरचा भात उचलला आणि ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला. मग आणखी एक चिमूट. आणखी एक. चित्राहुती. जेवणाआधी देवाच्या नावाने ताटाबाहेर ठेवायची शितं. मुंज झाल्यापासून एकही जेवण त्यांनी त्याशिवाय केलं नव्हतं. मी ते जन्मापासून बघत होते, आणि म्हणूनच माझं तिकडे लक्ष जात नव्हतं.

टोक सपाट झालं तसं त्यांनी शांतपणे जेवायला सुरुवात केली. मी ती बाहेरची शितं जिभेवर ठेवली. कडू जहर.

म्हणजे इतके दिवस देवच रक्तदाबाची गोळी खात होते. मावशी ती शितं श्रद्धेने गोळा करून खिडकीत चिमण्यांना ठेवायच्या. बाबांना मिळायची चिमटीभर उरलेली भुकटी. पेजेला ताट नसतं, त्यामुळे चित्राहुती नाही, आणि वाढवलेल्या सगळ्या गोळ्या पहिल्यांदाच पुरत्या पोटात गेल्या. मावशींनी एकही चूक केली नव्हती. मला हसू यायला लागलं, आणि मग मी त्यांना काय काय बोलले ते आठवलं.

संध्याकाळी बाबांना काकूंकडे बसवून मी दिव्याला गेले. मावशी ओट्यावर सुकट निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी निवडणं थांबवलं नाही.

"चला ना," मी म्हटलं. "बाबा वाट बघतायत."

"आज्या कुनाची वाट बघतान? मी कोन हाय, ता तरी ठाव हाय त्यांना?" म्हणाल्या, पण सकाळी आल्या.

मग आम्ही चित्राहुती होऊ द्यायचो आणि मगच गोळी घालायचो, दुसऱ्या घासात. दाब ताळ्यावर आला. माझी काळजी मात्र जागची हलली नाही. प्रत्येक सुट्टीच्या दिवशी मी समोर बसून त्यांच्या हाताकडे बघत राहायचे. हात आधी ताटाबाहेर जातोय ना? जायचा. बरं वाटायचं.

मग एका रविवारी तो गेला नाही. बाबांनी पाणीही फिरवलं नाही. सरळ भातात हात घातला आणि घास उचलला. आता गोळी कुठेही ठेवली असती तरी चाललं असतं. इतके दिवस आम्हाला हेच तर हवं होतं.

मी त्यांचा हात धरून थांबवला. बायका चित्राहुती घालत नाहीत हे मला माहीत आहे. मी पाणी फिरवलं आणि त्यांच्या ताटातली शितं चिमटीने उचलून उजव्या बाजूला ठेवली. बाबा माझ्या बोटांकडे लक्ष देऊन बघत होते.

"अहो बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी."

"वा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, काळजीने, "ते जेवले का?"

"आता जेवतील," मी म्हटलं, आणि गोळीचा घास त्यांच्यापुढे धरला.