सुजाताला घरी यायचं होतं

सुजाता गेल्याचा निरोप घेऊन तिचा मामा माझ्या दुकानात आला, तेव्हा माझ्या मांडीवर तिच्याच भावाच्या लग्नासाठीची साडी होती. फॉल लावत होते. मामा दारातच उभा राहिला. म्हणाला, ‘‘शोभा, गेली व सुजाता. पहाटी.’’ माझा हात थांबला. तो पंख्याकडे पाहत म्हणाला, ‘‘तिच्या मायनं सांगतलं, साड्या थांबवू नको. तारीख काही बदलवून नाही राह्यलो आम्ही.’’ दोन्ही गोष्टी त्यानं एकाच सुरात सांगितल्या. आर्णीत इतकी वर्षं शिवणकाम करते, मरणाचे निरोप पुष्कळ ऐकले. निरोपाला जोडून कामाची आठवण करून देणारा हा पहिलाच.

आता लग्न होऊन गेलं, जेवणावळी झाल्या, मांडवही उतरला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. सुजाताबद्दल माझ्याकडे वाईट बोलण्यासारखं काही नाही. मागे राहिलेल्यांबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

पाचवीपासून आम्ही एका बाकावर. तिचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत, वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. तिनं यवतमाळला नर्सिंगचा कोर्स केला आणि आर्णीतच एका खाजगी दवाखान्यात लागली. पेशंटशी तिचं बोलणं म्हणजे निम्मी दटावणी, निम्मी थट्टा. एखादा म्हातारा इंजेक्शनला हात मागे ओढायला लागला की म्हणायची, ‘‘आबाजी, सापं मारले म्हनता अन् सुईले भेता?’’ म्हातारा हसेपर्यंत सुई टोचून झालेली असायची. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव नाही, उतारा नाही, जिनिंग कसंबसं महिनाभर चालायचं. तिचे वडील घरी बसले. दवाखान्यात पेशंट उधारीवर, म्हणून नर्सांचा पगारही उधारीवर. अशात नागपूरचा एक एजंट भेटला आणि सुजाता मस्कतला गेली, एका म्हाताऱ्या बाईची घरी राहून देखभाल करायला. जायच्या आदल्या दिवशी विहारात त्रिशरण-पंचशील झालं, शाल-नारळ झालं, मामानं माइकवर भाषण दिलं. त्या दिवसापासून तिची आई रत्नाबाई गल्लीत ‘मस्कतवाल्या बाई’ झाल्या. भाजीवालासुद्धा त्यांना आधी भाजी द्यायला लागला.

घरी ती पैसे पाठवल्याचं सांगायला फोन करायची. बोलायला मला करायची, शुक्रवारी, तिकडे सुट्टी असते म्हणून. दुसऱ्या वर्षी एका शुक्रवारी म्हणाली, ‘‘शोभा, छातीत गाठ लागून राह्यली हाताले. मी नर्स आहो न व, मले समजते.’’ म्हातारीला दर आठवड्याला ती तिथल्या मोठ्या दवाखान्यात न्यायची. तिथं म्हातारीसोबत गेली की बसायला सोफा, प्यायला ज्यूस. एकदा तिनं काउंटरवर स्वतःचं विचारलं, तर पोरीनं कार्ड मागितलं. हिचं कार्ड सर्दी-तापापुरतं. एका तपासणीचाच खर्च ऐकून ही बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. शेवटी म्हातारीच्या सुनेनं तपासणी करवून दिली आणि हिचे कितीतरी पगार कापून घेतले. रिपोर्ट आला. ऑपरेशन तातडीनं करा म्हणाले, आणि आकडा असा सांगितला की तिचं घर, जागेसकट, दोनदा विकलं तरी पुरला नसता. ‘‘मले घरी यायचं आहे,’’ ती त्या शुक्रवारी फोनवर म्हणाली. ‘‘नागपूरले सरकारी मेडिकलमध्ये होते हे ऑपरेशन. मी सोता पेशंट नेले आहे तिथं. मायले सांग न तू. मी सांगतो तं ऐकत नाही.’’

मी त्याच संध्याकाळी गेले. घरावर स्लॅब पडायची होती, सळया बांधणं चालू होतं. रत्नाबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘‘गाठीचं काय घेऊन बसली? मले नव्हती झाली, हिच्याच बाळंतपणाच्या वक्ताले?’’ मामा खाटेवर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, ‘‘तिकडे शेखायचे इलाज होते. इथले लोक तिकडे जायले तरसते, अन् हे पोट्टी तिथून मेडिकलच्या वार्डात येतो म्हनते. लोक हासन का नाही?’’ मी म्हटलं, मामा, तिकडचा इलाज शेखांसाठी आहे, त्यांच्या मोलकरणीसाठी नाही. त्याला पटलं नाही. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की विमानानं जावं लागतं तिथला दवाखाना चांगलाच असणार, आणि जी पोरगी तिथं राहते तिला तो मिळणारच. सुजाताच्या भावाची सोयरीक चालू होती. बहीण मस्कतला आहे, यावरच पोरीकडचे राजी झाले होते. करार पुरा कर, मग ये, असं ठरलं. ठरवलं त्यांनी, गाठ वाढवली हिनं.

करार पुरा व्हायच्या आधीच ती आली, कारण म्हातारीला उचलायला तिचा हात चालेना. ज्या हातानं काम होत नाही तो हात कोण पोसणार? म्हातारीच्या घरच्यांनी तिकीट काढून दिलं. घरी तिनं स्वच्छ सांगितलं होतं, आजारी आहे, येते आहे. घरच्यांनी गल्लीत सांगितलं, सुट्टीवर येते आहे. झालं... पोट्ट्यांनी बसस्टँडवर तिचा फ्लेक्स लावला, ताशे आणले. मी धावत जाऊन रत्नाबाईंना म्हटलं, हे थांबवा, तिला उभं राहवत नाही. त्या म्हणाल्या, ‘‘आता लोकायले काय सांगू, शोभा? सोयरे बी आले आहे पाह्यले.’’ आणि खरंच, सोयरे एका बाजूला पान खात उभे होते. सुजाता बसमधून उतरली, तिनं ताशे पाहिले, आईकडे पाहिलं. मग सुजलेला हात ओढणीखाली घेऊन तिनं गळ्यात हार घालून घेतले. एप्रिलचं ऊन. उघड्या जीपवर उभं करून तिला अर्ध्या आर्णीतून फिरवलं. ती सगळ्यांना हसून नमस्कार करत होती. एका हातानं.

दुसऱ्या दिवसापासून घरात रांग. कोणाला सेंट, कोणाला साबण, कोणाला टॉर्च. तिच्या बॅगेत रिपोर्ट होते आणि दोन जुने ड्रेस. तिनं मला आर्णीच्याच बाजारात पाठवलं. मी सेंटच्या बाटल्या आणि साबण आणले आणि दोघींनी माझ्या दुकानात बसून नखांनी किमतीची लेबलं खरवडली. शेजारच्या काकूंनी मनगटावर सेंट लावून डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘‘तिकडच्या मालाचा वासच अलग राह्यते बाई.’’ आम्ही दोघी त्या रात्री पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता तिला खोकला लागला आणि रुमालावर रक्त आलं. त्या गल्लीतला एकही माणूस मी अजून माफ केलेला नाही.

नागपूरला मीच घेऊन गेले, सोबत रत्नाबाई. मेडिकलच्या डॉक्टरांनी मस्कतचा रिपोर्ट पाहिला, त्यावरची तारीख पाहिली. म्हणाले, ‘‘तेव्हाच यायचं. इथं जवळजवळ फुकटात झालं असतं.’’ सुजाता म्हणाली, ‘‘हो सर,’’ जणू त्यांनी पत्ता बरोबर आहे का एवढंच विचारलं होतं. बाहेर आल्यावर रत्नाबाई पदरात तोंड घालून रडल्या, खोटं कशाला सांगू, मनापासून रडल्या. आणि डोळे पुसून म्हणाल्या, ‘‘हे सरकारी डॉक्टर असेच बोलते. तिकडेच थांबली असती तं वाचली असती.’’ सुजातानं माझा हात घट्ट दाबला. बोलू नको, असं. तिनं आईला शेवटपर्यंत काही ऐकवलं नाही. मला तो तिचा चांगुलपणा वाटत नाही. ती दमली होती.

माझ्या दुकानात खिडकीशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे. शेवटच्या महिन्यात घरी लग्नाच्या बैठका चालायच्या, म्हणून ती इथं येऊन बसायची, पाय वर घेऊन, रस्त्यावरच्या मोटारसायकली पाहत. तिथं मी अजून कोणाला बसू देत नाही. परवा रत्नाबाई नव्या सुनेला घेऊन आल्या आणि सून, तिला काय माहीत, सरळ त्या खुर्चीत बसली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. ‘‘हिचे चार पंजाबी ड्रेस शिवाचे आहे,’’ रत्नाबाई म्हणाल्या. ‘‘मस्कतच्या त्या घरी अजून बाई नाही भेटली. सुजाताची जागा खालीच आहे.’’

मी पोरीला विचारलं, ‘‘तुले जायचं आहे का?’’ तिनं सासूकडे पाहिलं. मग मलाच हळूच विचारलं, ‘‘मावशी, तब्येत बिघडली तं वापस येऊ देते का घरी?’’

‘‘वापस कायले याव लागते?’’ रत्नाबाई म्हणाल्या. ‘‘तिकडे इलाज चांगला आहे.’’

मी टेप गळ्यातून काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि सांगितलं, मी हे ड्रेस शिवणार नाही. रत्नाबाईंनी सुनेला उठवलं आणि दोघी समोरच्या टेलरकडे गेल्या. त्यानं रविवारपर्यंत शिवून दिले.