केळं म्हणजे काही खाणं नव्हे

सुलक्षणाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं, आणि ज्या दवाखान्यात जावं तिथे एकच प्रश्न तिची वाट पाहत बसलेला असे: "अनुभव आहे का?" धुळ्यात तिने कितीतरी दवाखान्यांचे उंबरे झिजवले. सगळ्यांना अनुभवी मुलगी हवी होती. ती अनुभवी कुठून व्हायची, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. कॉलेजच्या वॉर्डात मुलींच्या घोळक्यात एखाद्या पेशंटचा ताप बघायला मिळे, आणि तोही आधी दोघीतिघींनी बघून झालेला असे.

शेवटी कुंदामावशी कामाला आली. माहेर दोंडाईच्याकडचं असलं तरी मावशी सावद्याला दिलेली, आणि तिच्याच गल्लीत बेबाबाई राहत. डॉक्टर ललित यांच्या दवाखान्यातल्या त्या मोठ्या सिस्टर. मावशीने शब्द टाकला तशा त्या म्हणाल्या, "सुट्टीत आठवडाभर येऊ द्या पोरीला. काम पटलं तर परीक्षेनंतर सहा महिने ठेवून घेऊ. नाही पटलं तर मावशीकडे पाहुणचार झाला समजायचं."

बेबाबाई बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांची नजर पाठीवर असली की सुलक्षणाला साधी पट्टी बांधतानाही घाम फुटे. पण ती खूश होती. इथे सलाईन लावायला घोळका नव्हता, तिचेच दोन हात होते. संध्याकाळी वडिलांचा फोन आला की सगळं छान चाललंय हे ती मोठ्या ऐटीत घरच्या अहिराणीत सांगे, "बठ्ठं बरं शे, आबा."

आठवडा संपायला आला आणि पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी धुरपदाबाई दाखल झाल्या. रावेरकडच्या खेड्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या केळी लावणारं घर. रात्रीपासून तोंडात काही घालायचं नाही, असं आदल्या दिवशी बजावलेलं होतंच. सकाळी तयारी करताना सुलक्षणाने पुन्हा विचारलं, "आजी, काही खाल्लंबिल्लं नाही ना?"

"नाही वं माय. कालपासून अन्नाचा कण नाही का पाण्याचा थेंब नाही."

सुलक्षणाने बेबाबाईंना जाऊन सांगितलं, पोट रिकामं आहे. भूल देणारे डॉक्टर भुसावळहून येऊन पोचले. आत अवजारं मांडून झाली. सुलक्षणा स्ट्रेचर घेऊन आली, तर धुरपदाबाईंनी उशीशेजारच्या पिशवीतून एक पिवळंधमक केळं काढून तिच्यापुढे धरलं.

"घे, खाय. सकायपासून धावते आहेस बिचारी. मी बी आत्ताच दोन खाल्ले."

सुलक्षणाने स्ट्रेचर तिथेच थांबवलं. "आजी, तुम्ही तर काही खाल्लं नाही म्हणालात."

"मंग खाल्लंच नाही ना," धुरपदाबाई शांतपणे म्हणाल्या. "केयं काही खानं असतं का वं?"

म्हातारी खोटं बोलत नव्हती. ज्या घरात येता-जाता घडाचं केळं तोडून तोंडात टाकतात, तिथे जेवण म्हणजे भाकरी. केळं कुणाच्या खिजगणतीतही नसतं. पण भुलीच्या औषधाला हे कोण समजावणार? उलटी होऊन श्वासनळीत गेली असती तर जिवावरच बेतलं असतं.

गप्प बसावं असं तिला वाटलंच नाही, हे खरं. पण आपला आठवडा पाण्यात गेला, हे मात्र लख्ख कळलं, आणि त्याने तिचे डोळे भरून आले. ती तशीच आत गेली. "सर, मी चुकीचं सांगितलं. त्यांनी आत्ताच दोन केळी खाल्लीत."

भुलीच्या डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले आणि भुसावळहून फुकट फेरी झाल्याचं चांगलं खणखणीत ऐकवलं. डॉक्टर ललित एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी घेऊ." बेबाबाई मांडलेली अवजारं आवरायला लागल्या. सर्वांत जास्त रागावल्या त्या धुरपदाबाई. दोन केळ्यांपायी एवढं ऑपरेशन थांबतं, हे त्यांना कुणीच पटवू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी केळ्यांची पिशवी सुलक्षणाने स्वतःच्या हाताने घरी पाठवली, आणि ऑपरेशन नीट पार पडलं. धुरपदाबाई शुद्धीवर येऊन कुरकुरायला लागल्या तसा तिचा जीव भांड्यात पडला. तिचा आठवडाही संपला होता. कपडे बदलून ती बेबाबाईंचा निरोप घ्यायला गेली. चूक पुन्हा एकदा कबूल करावी आणि निघावं, असं ठरवूनच.

बेबाबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. "इथे पोट रिकामं आहे का विचारताना केळ्याचं नाव घेऊन विचारायचं असतं. नव्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगते, तुला सांगायचं राहिलं. निम्मी चूक माझी." मग कपाटाला कुलूप लावता लावता म्हणाल्या, "आता जाताना तोतारामकडे माप देऊन जा. परीक्षा झाली की गणवेश तयार पाहिजे."

तोताराम शिंप्याचं दुकान बसस्टँडच्या वाटेवरच होतं. त्याने खांद्यावर टेप लावली आणि विचारलं, "कोणत्या दवाखान्याच्या सिस्टर?"

सुलक्षणाने एकदा घसा साफ केला आणि दवाखान्याचं नाव सांगितलं.