पालखी आली तेव्हा

गुलालाचा वास आला की माण तालुक्यातली ती जत्रा आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाटकात गोळी लागून मी पडलो होतो, आणि मला सिनेमात घ्यावं का हे ठरवायला आलेले दिग्दर्शक समोरच बसले होते. तेवढ्यात ढोल वाजवत देवाची पालखी मंडपापाशी आली. सगळे उभे राहिले. मी मेलेलाच. पुढच्या रांगेतले एक म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, "आवं, उठा की. देव आलाय. मागनं मरा." मी उठलो, हात जोडले, कपाळाला गुलाल लावून घेतला आणि पुन्हा तिथंच पडलो. आईचं काम करणाऱ्या बाईंनी अर्धवट राहिलेला हंबरडा फोडला, तेव्हा म्हातारबुवा पटक्यानं डोळे पुसत होते. दिग्दर्शकांनी मला घेतलं. पुढं पडद्यावर पुष्कळदा मेलो. तिथं कुणी उठा म्हणालं नाही.